हिशोबाच्या तिजोरीची चावी कोणाकडे?

ठाणे, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यातील व्यापाऱ्याची लाल चोपडी आता बहुतेक संगणकात गेली आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, पाठोपाठ २०१८ मध्ये ई-वे बिल आले, आणि ज्यांना संगणकाचे बटण दाबायचीही इच्छा नव्हती त्यांनाही तो दुकानात आणावा लागला. याबद्दल आमची तक्रार नाही. हिशोब लवकर होतो, विवरणपत्र वेळेवर जाते, वसुलीची यादी एका क्षणात समोर येते. पण या यंत्रात आता निव्वळ विक्रीचा आकडा राहिलेला नाही. कोणत्या पार्टीला कोणता भाव, कोणाची उधारी किती दिवस थकली, दलालाची दलाली, साइझिंगवाल्याचे देणे, कारागिरांची मजुरी, त्यांचे बँक खाते क्रमांक आणि आधारच्या प्रती, भरतकामाच्या मशीनवर चालणाऱ्या डिझाइनच्या फायली, असे सर्व काही तिथे आहे. अनेकांनी तर हा सारा ऐवज दुकानातून उचलून दूरच्या सर्व्हरवर ठेवला आहे.

दूरचा म्हटले तरी तो फार दूर नसतोही. ऐरोली आणि महापे येथे मोठमोठी डेटा सेंटरे आपल्याच ठाणे जिल्ह्यात उभी आहेत. डोंबिवलीजवळच्या पलाव्यात डेटा सेंटर पार्कसाठी २०२५ मध्ये राज्य सरकार आणि लोढा समूह यांच्यात ३०,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला. भिवंडीत जशी मालाची गोदामे, तशी ही माहितीची गोदामे. गोदाम भाड्याने घेताना आपण भिंत पाहतो, पत्रा गळतो का ते पाहतो, रखवालदार कोण, विमा आहे का, असे दहा प्रश्न विचारतो. कुलपाच्या चाव्या किती आणि कोणाकोणाकडे, हे तर पहिल्यांदा विचारतो. माहितीच्या गोदामाबाबत हा चावीचा प्रश्न कोणी विचारताना आम्ही अद्याप ऐकला नाही. तो का विचारला पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

२०२५ सालच्या मार्च-एप्रिलमधील गोष्ट आहे. ग्लॅडिनेट नावाच्या अमेरिकन कंपनीचे सेंटरस्टॅक हे सॉफ्टवेअर आहे. कंपन्यांनी आपल्या फायली आपल्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि शाखेतील किंवा घरी बसलेल्या माणसांनी त्या दुरून उघडायच्या, यासाठी ते वापरले जाते. अनेक छोट्या कंपन्यांची संगणकाची कामे एकत्र सांभाळणारे ठेकेदारही ते लावून देतात. या सॉफ्टवेअरमध्ये अशी गफलत निघाली की त्यातील एक गुप्त चावी कारखान्यातूनच आत लिहून आलेली होती. ३ एप्रिल रोजी कंपनीने दुरुस्त आवृत्ती काढली. तोपर्यंत मार्चमध्येच चोरांनी त्या चावीचा वापर सुरू केला होता. ८ एप्रिलला अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ही त्रुटी 'प्रत्यक्ष वापरल्या जात असलेल्या' त्रुटींच्या यादीत घातली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२५-३०४०६.

ही चावी करते काय, ते आपल्या भाषेत सांगतो. समजा आपले गोदाम आहे आणि माल सोडण्याचा नियम असा की चलनावर पेढीचा शिक्का असला की गोदामवाल्याने माल सोडायचा. गोदामवाला माणूस ओळखत नाही, तो शिक्का ओळखतो. संगणकाचा सर्व्हरही असाच चालतो. तो समोरच्याला एक चिठ्ठी देतो, तिच्यावर आपला शिक्का मारतो, आणि चिठ्ठी परत आली की शिक्का तपासून ती उघडतो. शिक्का बरोबर असेल तर चिठ्ठी आपलीच आहे असे मानतो. शिक्का मारण्याचे हे काम गुप्त चावी करते. आता कल्पना करा की रबरी शिक्के बनवणाऱ्याने कल्याणच्या, भिवंडीच्या, सुरतेच्या आणि इचलकरंजीच्या सर्व पेढ्यांना एकच शिक्का करून दिला आहे, आणि कोणालाही ते ठाऊक नाही. ज्याच्या हाती एक शिक्का आला त्याच्या हाती सर्व गोदामे आली. इथे तर प्रकार त्याहून वाईट होता. चिठ्ठीत जे लिहिले असेल ते सर्व्हर हुकूम म्हणून पाळू शकत होता. म्हणजे चोर माल तर नेईलच, शिवाय आपल्याच गोदामवाल्याला नोकर म्हणून राबवील.

कोणी म्हणेल, चावी सॉफ्टवेअरच्या आत लपलेली होती, ती चोराला कशी सापडली? उत्तर सोपे आहे. सॉफ्टवेअर विकले जाते, त्याची प्रत कोणीही मिळवू शकतो. जाणकार माणूस ती प्रत आपल्या टेबलावर उसवतो, शिंप्याने उंची शेरवानी उसवून तिचा कट पाहावा तशी. त्याला चावी मिळते. आणि ती त्याच्या प्रतीची चावी असते तशीच आपल्या प्रतीचीही असते. स्वस्त कुलपांच्या एका पेटीत दोन-चार कुलपांना एकच चावी लागते, हे आपल्यातील प्रत्येक दुकानदाराला माहीत आहे. इथे सगळ्या पेटीलाच एक चावी होती.

आमच्या कापडाच्या धंद्यात गुप्त लिखाण नवे नाही. खरेदीचा भाव ताक्याच्या चिठ्ठीवर अक्षरांत लिहिण्याची चाल जुनी आहे. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द धरायचा, पहिले अक्षर एक, दुसरे दोन, असे शून्यापर्यंत. गुमास्त्याला पडता भाव कळतो, गिऱ्हाइकाला कळत नाही. प्रत्येक पेढीचा शब्द वेगळा आणि तो फुटला अशी शंका आली की शेठ शब्द बदलतो. हा शब्द म्हणजेच चावी. उद्या सर्व चिठ्ठ्या छापणाऱ्या छापखान्याने सगळ्या बाजाराला एकच शब्द ठरवून दिला आणि 'आता हा बदलता येणार नाही' असे सांगितले, तर कोणता कापडवाला त्याच्याकडून चिठ्ठ्या घेईल?

गुप्त लिखाणाचे हे शास्त्र जुने आहे आणि त्याच्या मुळाशी बगदादचे नाव आहे. नवव्या शतकात तेथे अल-किंदी या विद्वानाने सांकेतिक मजकूर कसा उलगडावा यावर लिहिले. भाषेत काही अक्षरे जास्त वेळा येतात, काही कमी. मजकुरातील खुणा मोजा म्हणजे कोणती खूण कोणत्या अक्षराची ते हळूहळू कळेल, ही त्याची रीत. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांनी अल-किंदीचे नाव फिलसूफ म्हणून ऐकलेले असते, त्याचे हे काम मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यानंतर कितीतरी शतकांनी, १८८३ मध्ये, ऑगस्ट केरकहॉफ्स या भाषापंडिताने फ्रान्सच्या एका लष्करी नियतकालिकात गुप्त लिखाणाचे नियम मांडले. त्यातील दोन आजही शिकवले जातात. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी नुकसान होऊ नये. आणि चावी वापरणाऱ्याला हवी तेव्हा बदलता यावी. सॉफ्टवेअरच्या आत कायमची लिहिलेली चावी या दोन्ही नियमांवर नापास होते. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीचा धडा विसरून विकलेला हा माल आहे.

असे का होते? आमच्या मते घाई आणि आळस. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस चाचणीसाठी एक चावी आत टाकतो, माल पाठवायची तारीख येते, आणि ती चावी तशीच राहते. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळी चावी बनवायची तर बसवणाऱ्याचे काम वाढते, चावी हरवली की तक्रारी येतात. म्हणून एकच चावी सोयीची. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये इशारा दिला होता की याच जातीच्या ३,००० हून अधिक चाव्या उघड्यावर पडलेल्या आहेत. सॉफ्टवेअर बनवणारे त्या नमुना म्हणून उचलतात आणि आपल्या मालात चिकटवतात.

सेंटरस्टॅकच्या दुरुस्त आवृत्तीत प्रत्येक ठिकाणी वेगळी चावी तयार होण्याची सोय झाली. प्रकरण मिटले असे वाटले. पण डिसेंबर २०२५ मध्ये त्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या एका जागी पुन्हा तेच निघाले. फायलीपर्यंत पोहोचण्याची जी परवान्याची चिठ्ठी असते ती बंद करणारी चावी सर्वत्र सारखी आणि न बदलणारी होती. चोरांनी त्या चावीने खोटा परवाना बनवला, त्यावर मुदत अशी घातली की तो कधी संपूच नये, आणि त्याच्या जोरावर सर्व्हरची ती फाईल मिळवली जिच्यात शिक्क्याची नवी, वेगळी केलेली चावी ठेवलेली होती. पुढचा दरवाजा बदलला, मागचा तसाच. आठ महिन्यांत एका मालात एकाच जातीचा दोष दोनदा निघाला, तर आपण त्या कारखान्याचे कापड पुन्हा घेताना दहा वेळा विचार करू.

मोठ्या कंपन्यांच्या या गोष्टी आपल्याला कशाला, असे म्हणणाऱ्यांसाठी आता लहान दुकानाकडे येतो. हिशोबाच्या फायली साठवण्यासाठी बऱ्याच कार्यालयांत एक डबा असतो, त्याला नॅस म्हणतात. क्यूनॅप ही तैवानची कंपनी असे डबे बनवते. एप्रिल २०२१ मध्ये जगभर हजारो लोकांच्या क्यूनॅप डब्यांतील फायली एका रात्रीत कुलूपबंद झाल्या. कुलूप लावायला चोरांनी साधे, फुकट मिळणारे सेव्हन-झिप वापरले आणि पासवर्डच्या बदल्यात ०.०१ बिटकॉइन मागितले, त्या वेळच्या भावाने सुमारे ४०,००० रुपये. रक्कम मुद्दामच लहान दुकानदाराला परवडेल अशी ठेवलेली. दरवाजा कोणता होता? नक्कल प्रत ठेवण्याच्या, म्हणजे बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये कायमचा लिहून ठेवलेला प्रवेश. ज्याच्या भरवशावर मालक निश्चिंत झोपला होता, त्यातूनच चोर आत आला. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय क्लाउड डब्यांच्या अनेक मॉडेलांत असेच कायमचे नाव आणि पासवर्ड असल्याचे उघड झाले होते. मालकाने आपला पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी तो मागचा प्रवेश चालूच.

आणि दुकानातील कॅमेरे? ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने जगातील लाखो कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर ताब्यात घेऊन २१ तारखेला अमेरिकेतील कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. त्याच्याकडे साठ-बासष्ट नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, एवढेच. कारखान्यातून आलेले ते पासवर्ड लोकांनी बदलले नव्हते, काही यंत्रांत तर बदलता येतच नव्हते.

एकाची चूक शंभरांना कशी भोवते याचा अनुभव आपल्या सहकारी बँकांनी ३१ जुलै २०२४ रोजी घेतला. मुंबईच्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीचा हल्ला झाला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या देशभरातील जवळजवळ ३०० लहान बँकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार थांबले. त्या प्रकरणात दोष निराळा होता, आत लिहिलेल्या चावीचा नव्हता. पण अनेक दुकाने एका भिंतीला टेकलेली असली की काय होते ते त्यातून दिसले. सारखी चावी ही अशीच एक भिंत आहे, फक्त ती कोणाला दिसत नाही.

गेल्या वर्षी एक विक्रेता आमच्या पेढीवर अशीच साठवणुकीची योजना घेऊन आला. मुलगा बोलका, सुटाबुटातला. "शेठ, सगळा डेटा एन्क्रिप्टेड आहे, मिलिटरी दर्जाचा," असे म्हणाला. आम्ही विचारले, "बेटा, चावी कोण बनवते?" म्हणाला, "आमची कंपनी." "मग आमची आणि शेजारच्या दुकानाची चावी वेगळी असते का?" तो थांबला. कार्यालयात फोन केला, तिथल्याने आणखी वरच्याला विचारले, आणि शेवटी "ते सिक्युरिटीमुळे सांगता येत नाही" असे उत्तर आले. आमच्या मते जो हे सांगू शकत नाही, त्याला बहुधा ते माहीत नसते. त्या मुलाचा दोष नाही. त्याला कुलपाची जाडी पाठ करून पाठवले होते, चावीबद्दल कोणी शिकवलेच नव्हते.

आता कायदा पाहू, कारण खरा जाच तिथे आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. गिऱ्हाइकाची किंवा कामगाराची माहिती सांभाळण्यात वाजवी खबरदारी घेतली नाही, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. आणि माहिती दुसऱ्याच्या हातून हाताळून घेतली तरी जबाबदारी ज्याने ती गोळा केली त्याचीच. तत्त्व म्हणून आम्हाला हे मान्य आहे. कारागिराने आधारची प्रत आपल्या हातात दिली, ती अमानत आहे. पण ज्या सॉफ्टवेअरवाल्याने कुलपाची चावी सगळ्या बाजाराला सारखी दिली, तो या कायद्यात कुठे आहे? त्याने आपल्याला फक्त परवाना विकला आहे, आणि परवान्याच्या बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेले असते की नुकसानीची भरपाई फार तर भरलेल्या फीएवढी.

ग्राहक मंचाकडे जावे तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा 'ग्राहक'च नाही. स्वतःच्या हाताने काम करून पोट भरणाऱ्या एखाद्या कारागिराला सूट मिळू शकते, पेढीवाल्याला नाही. गंमत पाहा. नोव्हेंबर २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात ठरवले की तयार पॅकबंद सॉफ्टवेअर हा 'माल' आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. कर घेताना तो माल ठरला. तो सदोष निघाला की मात्र विकणारा म्हणतो, आम्ही तर निव्वळ वापरायची परवानगी दिली. आम्ही कापड विकतो. रंग गेला तर 'आम्ही फक्त नेसायची परवानगी दिली होती' असे गिऱ्हाइकाला सांगून पाहावे!

इतरत्र हे बदलू लागले आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती वापराच्या इंटरनेट जोडलेल्या वस्तूंना सगळीकडे सारखा पासवर्ड देऊन विकण्यास मनाई आहे. युरोपीय संघाचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला, त्यातील मुख्य बंधनांसाठी डिसेंबर २०२७ ची तारीख आहे, आणि त्यात सॉफ्टवेअर बनवणाराच सुरक्षिततेला जबाबदार धरला आहे. आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये सुरक्षा तपासणीचे नियम काढले, ते २०२५ पासून लागू झाले. कॅमेऱ्यासाठी जे झाले ते हिशोब आणि फायली साठवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी का होऊ नये? बनवणाऱ्याने आत सामाईक चावी ठेवली आणि तीमुळे व्यापाऱ्याची माहिती गेली, तर दंडाचा पहिला हिस्सा बनवणाऱ्याने भरावा, एवढी मागणी आपल्या बाजारपेठांतील संघटनांनी लेखी करायला हवी.

तोवर हातात काय आहे? फायलींचा डबा थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. आपल्या संगणक दुरुस्तीवाल्याला हे एक वाक्य सांगितले तरी त्याला कळेल. हिशोबाची एक प्रत अशा डिस्कवर ठेवावी जी काम झाले की तारेपासून वेगळी करून कपाटात जाते. २०२१ मध्ये ज्यांच्याकडे अशी प्रत होती त्यांना खंडणी देण्याचे कारण पडले नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की 'सीझननंतर बघू' म्हणू नये, कारण चावी आतच असेल तर आपला पासवर्ड बदलून काहीही होत नाही, बनवणाऱ्याने चावी बदललेली आवृत्ती टाकावीच लागते. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचा पासवर्ड आजच बदलावा, आणि बदलता येत नसेल तर ते यंत्र बदलावे. पैसे गेले तर १९३० वर ताबडतोब फोन करावा. कंपनी असेल तर २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटनेची माहिती सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला सहा तासांत द्यावी लागते, हे आपल्या हिशोबनीसाला सांगून ठेवावे.

वार्षिक फीची बिले बहुतेकांना ३१ मार्चच्या आसपास येतात. या खेपेला चेक लिहिण्यापूर्वी विक्रेत्याकडून त्याच्या लेटरहेडवर चार ओळी मागाव्यात: आमच्या माहितीची चावी आमच्यासाठीच वेगळी बनवली आहे का, ती कुठे ठेवलेली आहे, आम्हाला ती स्वतः बदलता येते का, आणि ती फुटल्याचे तुम्हाला कळले तर आम्हाला किती दिवसांत कळवाल. एकट्या दुकानाला कदाचित उत्तर मिळणार नाही. कल्याण आणि भिवंडीच्या बाजारातील पन्नास पेढ्यांनी एकाच महिन्यात हेच पत्र पाठवले, तर विक्रेत्याच्या कार्यालयात कोणाला तरी ते बनवणाऱ्यापर्यंत न्यावेच लागेल.